गुरुवारचा चहा आणि जगाची सुरुवात

आमच्या किस्काल गावात कुणालाही विचारा की हे जग सुरू कसं झालं, तो आधी तुम्हालाच विचारेल, बाईंच्या बाजूनं सांगू की पास्टरच्या? आणि दोन्ही बाजू त्याला तोंडपाठ असतील. मग तो द्राक्षाच्या मळ्यात राबणारा असो, नाहीतर एल्की नदीच्या पाटावर पाणी सोडणारा असो. याचं सगळं श्रेय हर्मिंदा अल्किंता नावाच्या एका शाळामास्तरणीला आहे. माझ्या दुकानाची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच. त्यामुळे हे सगळं मी पहिल्यापासून ऐकत आलो आहे, आणि बरंचसं डोळ्यांनी पाहिलंही आहे.

बाई बकऱ्या पाळणाऱ्याच्या घरात जन्मल्या. त्यांचे वडील उन्हाळ्यात कळप घेऊन वर पर्वतात जायचे, अर्जेंटिनाच्या सरहद्दीपर्यंत, आणि सगळं कुटुंब बरोबर असायचं. तिथे दगडांच्या आडोशाला झोपायचं आणि दिवसभर चीज करायचं. लहानपणी एकदा तिथेच त्यांनी वडिलांना विचारलं होतं की आभाळ कुणी बांधलं. वडील म्हणाले, "मी नाही. मी फक्त हा गोठा बांधला, आणि तोही नीट उभा नाही." आईनं मात्र लगेच सांगितलं की देवानं बांधलं आणि आंदाकोयोच्या चर्चमधल्या माउलीनं त्याला साथ दिली. बाई म्हणायच्या, मला दोघांचीही उत्तरं आवडली, पण वडिलांचं उत्तर तपासून पाहता येण्यासारखं होतं.

पुढे ला सेरेना शहरात शिकायला गेल्या, विज्ञानाच्या शिक्षिका झाल्या आणि गावच्याच शाळेत परत आल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, विचारलं होतं दोघांनी, पण एकाला माझं बोलणं आवडत नव्हतं आणि दुसऱ्याला फक्त बोलणंच आवडत होतं. आई असेपर्यंत तिच्याबरोबर दर वर्षी माउलीच्या यात्रेला गेल्या, तिच्यासाठी मेणबत्ती लावली, स्वतः मात्र हात जोडले नाहीत. आईनं कधी आग्रह केला नाही. तिचं म्हणणं असं की माउलीला मेणबत्ती कुणी लावली एवढंच दिसतं.

पास्टर एलियेसर बारासा आमच्याकडे आले ते दक्षिणेकडून, कोळशाच्या खाणींच्या गावातून. त्यांचे वडील खाणीत होते, ते स्वतः विजेची कामं करायचे. बायको नोएमी, दोन बॅगा आणि एक अकॉर्डियन, एवढ्यावर त्यांनी आमचं प्रार्थनाघर उभं केलं. मी तेव्हा पुष्कळ प्यायचो. पिस्कोच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या, खोऱ्यात दुकान टाकलेल्या माणसानं दुसरं काय करावं? पास्टरनी मला त्यातून ओढून बाहेर काढलं आणि माझ्या हातात मॅन्डोलिन दिलं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही काळा कोट, टाय घालून चौकात उभे राहतो, गाणी म्हणतो आणि पास्टर प्रवचन करतात. गावातली कॅथलिक मंडळी आम्हाला "कानुतो" म्हणतात. त्यात थोडी टिंगल असते, पण सवय झाली की ते नावच होऊन जातं.

पास्टरचं आवडतं प्रवचन म्हणजे सहा दिवसांचं. देवानं पहिल्या दिवशी काय केलं, दुसऱ्या दिवशी काय केलं, असं ते हात नाचवत सांगायचे आणि सातव्या दिवसाला आले की कोट काढून बाकावर बसायचे. मुलांना ते फार आवडायचं. माझी धाकटी यास्ना तर घरी येऊन तसंच करून दाखवायची.

त्याच यास्नामुळे सगळं घडलं. शाळेत बाईंनी परीक्षेत विचारलं की विश्व किती जुनं आहे. यास्नानं लिहिलं, बाईंच्या मते सुमारे चौदा अब्ज वर्षं, पास्टरच्या मते सहा हजार वर्षांच्या आसपास, तुम्ही दोघं आधी एकमेकांशी बोलून घ्या आणि मग मला सांगा. बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. आणि शाळा सुटल्यावर तडक प्रार्थनाघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पास्टर शिडीवर चढून दिवा बदलत होते. बाईंनी खालूनच सांगितलं की मुलीचं म्हणणं बरोबर आहे, आपण बोललं पाहिजे, आणि चार लोकांसमोर बोललं पाहिजे. पास्टर म्हणाले, चालेल. दुसऱ्याच दिवशी साऱ्या गावाला कळलं की अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वाद होणार आहे.

हॉल एवढा भरला की बंब बाहेर रस्त्यावर काढून ठेवावा लागला. फादर स्वतः आले नाहीत, पण त्यांची कॅथलिक मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. कानुतो आणि मास्तरीण भांडतात हे फुकट बघायला मिळत होतं. बाई येताना एका मोठ्या परातीत पावाचं पीठ घेऊन आल्या. त्यात आपल्याच खोऱ्यातले बेदाणे घातलेले. परात त्यांनी शेगडीजवळ ठेवली आणि बोलायला लागल्या. पीठ फुगत गेलं तसे बेदाणे एकमेकांपासून लांब जाऊ लागले. बाई म्हणाल्या, असं समजा की प्रत्येक बेदाणा म्हणजे ताऱ्यांचा एक मोठा थवा. कुठल्याही बेदाण्यावर बसून पाहा, बाकीचे सगळे तुमच्यापासून दूर चाललेत असंच दिसणार. डोंगरावरच्या वेधशाळांच्या घुमटांमधली माणसं दुर्बिणीतून हेच पाहतात. मग हे सगळं उलटं मागे नेलं तर? तर सगळं एकाच जागी येतं, दाट आणि कढत. तिथून सुरुवात झाली.

लोकांना पटलं. पिठाची गोष्ट कुणालाही पटते. मग पास्टर उठले, परातीपाशी गेले, बोटानं पीठ दाबून पाहिलं.

"पीठ चांगलं मळलंय, बाई," ते म्हणाले. "कुणी मळलं?"

हॉलमध्ये हशा पिकला. आम्ही कानुतो तर बाकावर मुठी आपटायला लागलो. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "हे मी मळलं. ते कुणी मळलं, किंवा कुणी मळलं का, मला माहीत नाही. ते फुगतंय एवढं मला माहीत आहे."

मला वाटलं, झालं, जिंकले आपले पास्टर. पण बाईंनी तितक्याच शांतपणे विचारलं की तुमच्या पवित्र शास्त्रात सूर्य चौथ्या दिवशी झाला. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर? संध्याकाळ झाली, सकाळ झाली, ती कशी झाली?

पास्टर थांबले. मी त्यांना प्रवचनात कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी टाय सैल केला. काही तरी उत्तर ठोकून देता आलं असतं, बाकीच्या पास्टरांनी दिलंही असतं. ते म्हणाले, "खरं सांगू का? मलाही माहीत नाही."

मागून एकजण म्हणाला, "दोघांनाही माहीत नाही, मग आम्हाला कशाला बोलावलंत?" तेव्हा नोएमी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत. लांब वेणी, साधा झगा, कडेला बसणाऱ्या. त्या पुढे आल्या, परात उचलली आणि म्हणाल्या, "पीठ आता भाजून टाकलं पाहिजे. नाहीतर आंबेल. चहा कोण ठेवतंय?"

हॉलच्या मागे मातीची भट्टी होती. पाव भाजला, कॅथलिकांनी अव्होकाडो आणले, आम्ही बकरीचं चीज आणलं, आणि जगाच्या सुरुवातीवरचा वाद चहापावावर संपला. संपला म्हणजे त्या दिवसापुरता. जाताना नोएमी बाईंना म्हणाल्या की पुढच्या गुरुवारी आमच्याकडे या, ह्यांना रात्रभर उत्तरं सुचत राहतील आणि मला झोप लागणार नाही. त्यानंतरच्या गुरुवारी पास्टर-नोएमी बाईंकडे. मग ते पास्टरकडचं मागे पडलं आणि बाईंचं अंगण ठरून गेलं, कारण तिथे अंजिराची सावली होती.

मी गुरुवारी दुपारी दुकानाचं मागचं दार उघडं ठेवायला लागलो. गिऱ्हाईक आलं तर तेही तिथेच थांबायचं. कधी कधी काउंटरवर पाचसहा जण कोपर टेकून ऐकत असत, आणि मग घरी जाऊन आपापल्या बायकोशी तोच वाद घालत.

एकदा बाईंनी सांगितलं की जगाची अशी सुरुवात झाली असावी हे पहिल्यांदा मांडणाऱ्यांत एक धर्मगुरू होता, बेल्जियमचा. त्यांना वाटलं, पास्टर खूश होतील. पास्टरनी कप खाली ठेवला.

"धर्मगुरू म्हणजे कॅथलिक?"

"कॅथलिक."

"मग तर मला जास्तच शंका आहे."

नोएमी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण पुढच्या गुरुवारी पास्टरनीच त्या धर्मगुरूचा विषय काढला. हा माणूस सकाळी प्रार्थना करायचा आणि दुपारी गणित, मग दोन्हीची गल्लत करायचा नाही तो कसा? बाई म्हणाल्या, तुम्ही विजेचं काम करता तेव्हा तार जोडण्याआधी प्रार्थना करता की मेन स्विच बंद करता? पास्टर म्हणाले, दोन्ही. बाई म्हणाल्या, तसाच.

सगळ्यांनाच हे आवडत होतं असं नाही. आमच्या मंडळीचे एक ज्येष्ठ पुढारी शहरातून आले. त्यांच्या कानावर गेलं होतं की किस्कालचा पास्टर दर आठवड्याला एका नास्तिक बाईच्या घरी जातो. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं की यात तुमच्या विश्वासाला धोका नाही का. पास्टर उभे राहिले. मला भीती वाटली की आता ते माफी मागतील आणि गुरुवार बंद होईल. ते म्हणाले, "माझा विश्वास जर बाईंच्या चहात विरघळला, तर तो विश्वास नव्हता, साखर होती." पुढाऱ्यांना हे आवडलं नाही. त्यांनी पुढची काही वर्षं पास्टरना मोठ्या मेळाव्यात बोलायला बोलावलं नाही. पास्टरना ते लागलं, हे मला ठाऊक आहे, कारण मेळाव्याच्या दिवशी ते उगीचच प्रार्थनाघरातली विजेची सगळी बटणं खोलून साफ करत बसायचे. पण गुरुवार चुकला नाही.

शाळेकडूनही तसंच झालं. वरच्या एका अधिकाऱ्यानं बाईंना विचारलं की तुम्ही मुलांना पास्टरची बाजूही सांगता म्हणे. बाई म्हणाल्या, सांगते, आणि ती विज्ञान नाही हेही सांगते. मुलं तिथे रोज जातात, मी डोळे मिटून घेतले म्हणून प्रार्थनाघर नाहीसं होणार नाही. तो अधिकारी चहा पिऊन गेला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्याच सुमारास नोएमी आजारी पडल्या. पोटाचं होतं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या महिन्यांत बाई रोज दुपारी त्यांच्याकडे जायच्या, केस विंचरायच्या. त्या केसांना नोएमींनी जन्मात कात्री लावली नव्हती. एक दिवस मी सामान पोचवायला गेलो तेव्हा दोघींचं बोलणं चाललं होतं. नोएमींचं म्हणणं होतं की माझ्या दफनाच्या दिवशी शास्त्रातला पहिला अध्याय बाईंनी वाचायचा. बाई गोंधळून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, जे मी खरं मानत नाही ते मी तुमच्या लोकांसमोर कसं वाचू, ते ढोंग होईल.

"मानू नका ना," नोएमी म्हणाल्या. "वाचा फक्त. ह्यांना त्या दिवशी वाचता येणार नाही. आणि बाकीचे फार घाईनं वाचतात."

बाईंनी वाचलं. प्रार्थनाघर भरलेलं होतं, आम्ही वाद्यं मांडीवर घेऊन बसलो होतो. काहींची कुरकुर झाली होती, पण पास्टरनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. बाई चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि शाळेत धडा वाचावा तसं, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून वाचत गेल्या. अंधार, पाणी, मग उजेड. संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, या ओळीला आल्या की प्रत्येक वेळी जरा थांबायच्या. मी तो अध्याय शेकडो वेळा ऐकला असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे कुणीतरी खूप अंधारात बसून, उजेडाची वाट बघत लिहिलं असणार. वाचून झाल्यावर आम्ही रीतीप्रमाणे तीनदा देवाचा गौरव केला. बाई खाली बसल्या आणि त्यांनी पास्टरचा हात धरला.

नंतरच्या गुरुवारी पास्टर येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. बाईंनी सवयीनं तीन कप मांडले होते. त्यांनी एक उचलला, पण पास्टर म्हणाले राहू दे. मग पास्टरनी विचारलं, "बाई, तुमच्या हिशेबानं नोएमी आता कुठे आहे?"

मी भिंतीपलीकडे दारापाशी उभा होतो. बाई काहीतरी गोड बोलतील अशी माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या, "माझ्या हिशेबात मला ती सापडत नाही, पास्टर. शोधून झालं. तुम्हाला खोटं सांगायचं नाही मला."

पास्टर म्हणाले, "माझ्या हिशेबात ती आहे. पण दिसत तर मलाही नाही."

मग बाईंनी चहा ओतला. मी हळूच दार लोटून घेतलं. त्या दिवसाचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

काही वर्षांनी सूर्यग्रहण आलं, खग्रास, बरोबर आमच्या खोऱ्यावरून जाणारं. हिवाळ्यातली दुपार. जगभरातून माणसं आली. माझ्या दुकानातलं पाणी, पाव, मेणबत्त्या, सगळं संपलं. आमच्या मंडळीतले काहीजण घाबरले होते. कुणी म्हणे ही शेवटाची खूण, कुणी म्हणे त्या दिवशी दारं लावून उपास करायचा. पास्टरनी त्यावर प्रवचन केलं नाही. आधीच्या रविवारी त्यांनी बाईंना प्रार्थनाघरात बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही समजावून सांगा, माझं ऐकून ते आणखी घाबरतील.

बाईंनी एक संत्रं आणि एक अक्रोड आणला होता. अक्रोड डोळ्याजवळ धरला तर सगळं संत्रं झाकून जातं, एवढंच आहे, त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या दोमितिलानं विचारलं की मग हा अक्रोड इतका बरोबर मापाचा कसा, ना लहान ना मोठा. बाई म्हणाल्या की योगायोग आहे, आणि मोठा सुंदर योगायोग आहे. पास्टर मागच्या बाकावरून म्हणाले की आम्ही त्याला दुसरं नाव देतो. सगळे हसले, आणि भीती बरीचशी तिथेच गेली.

त्या दिवशी आम्ही सगळेच डोंगरावर चढलो, कॅथलिक, कानुतो, परदेशी पाहुणे, कुत्री. पास्टरनी मंडळीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर ग्रहणाचा काळा चष्मा आहे की नाही ते फिरून पाहिलं. ऊन हळूहळू पातळ होत गेलं, मळ्यांचा रंग राखेसारखा झाला, गारठा आला, आणि मग एकदम दिवा मालवावा तसं झालं. वर काळं बिंब आणि त्याभोवती पांढरे केस मोकळे सोडावेत तसा उजेड. कुणी ओरडलं, कुणी रडलं. दोमितिला गुडघ्यावर बसली. बाई आणि पास्टर माझ्या पुढेच उभे होते. दोघांची तोंडं उघडी, आणि दोघंही चक्क गप्प. वीसएक वर्षांत मी त्यांना एकत्र असताना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. उजेड परत आला तेव्हा पास्टर म्हणाले, "आता बोला." बाई म्हणाल्या, "आज नाही. गुरुवारी." आणि दोघं एकमेकांचा आधार घेत डोंगर उतरले, कारण दोघांचेही गुडघे आता खराब झाले आहेत.

आता प्रार्थनाघर एका तरुण पास्टरकडे आहे. तोही चांगला आहे, फक्त फार घाईनं वाचतो. बाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या जुन्या पास्टरना ओरडावं लागतं, आणि मला दुकानाचं दार उघडं ठेवायची गरज उरलेली नाही. चौकापर्यंत सगळं ऐकू जातं. परवाच्या गुरुवारी विषय होता, सुरुवातीच्या आधी काय होतं. बाईंचं म्हणणं होतं की आधी हा शब्दच तिथे लागू होत नाही, कारण काळच नव्हता. पास्टर म्हणाले, बरोबर, आमच्याकडेही तेच आहे, देव काळाच्या बाहेर आहे. बाई चिडल्या. त्या म्हणाल्या की तुम्ही माझं वाक्य उचलून त्यावर तुमची टोपी घालता. पास्टर म्हणाले की वाक्य कुणाचं ते आधी ठरवू या. असं अंधार पडेपर्यंत चाललं होतं. मग बाईंनी त्यांना बकरीचं चीज कागदात बांधून दिलं, फाटकापर्यंत पोचवलं, आणि दोघं फाटकात उभे राहून आणखी थोडा वेळ भांडले.